सीतेच्या वेणीवरचे डाग

पानावरचा पहिला डाग मी कोणाला दाखवला नाही. तुरीच्या डाळीएवढा होता, पिवळट, आणि मधोमध पाणी धरल्यासारखा. मी बोटाने पुसून पाहिला, पुसला गेला नाही. मग ते पान भिंतीकडे वळवलं आणि धुणं वाळत घालायला निघून गेले. आमच्या घरात डाग म्हटलं की एकच गोष्ट सगळ्यांच्या मनात यायची, देवीचे फोड.

झाड तसं आमचं नव्हतंच, देवीचं होतं. मी लग्न होऊन अमरावतीला येण्याच्या आधी, मेळघाटातून बांबू आणणाऱ्या एका गाडीवानाने ते आणून दिलं होतं. तिकडे जंगलात ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं. त्याला माती लागत नाही. पट्ट्यांसारखी जाड पानं दोन अंगांना फुटतात, बोटाएवढी मुळं हवेत लोंबतात आणि ज्येष्ठाच्या सुमाराला फुलांचा एक लांबच लांब गुलाबी तुरा खाली सुटतो. म्हणून त्याला सीतेची वेणी म्हणतात. आमच्याकडे ते आंब्याच्या एका ओंडक्याला बांधून पडवीत टांगलेलं असायचं. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, दरवर्षी तो तुरा उतरवून देवघरातल्या शितळा मायला घालत. त्या झाडावर मायची नजर आहे, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आलेली बाई मान डोलवायची आणि झाडाला हात न लावता पुढे जायची.

त्या वर्षी अमरावतीत माणसापेक्षा कापसाला जागा जास्त लागत होती. कुठेतरी समुद्रापलीकडे लढाई पेटली होती आणि तिच्या पायी आमच्याकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते, असं आमचे हे सांगत. हे म्हणजे माझे यजमान. एका अडत्याकडे कापसाच्या तोलाईवर होते. बाजारात गाड्यांची रांग लागायची ती गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं काय, गाडीवानांच्या डोक्याला जरीचे पटके काय, विचारू नका. ज्याच्या घराला ओटा होता त्याने ओट्यावर रुई भरली, ज्याला गोठा होता त्याने गुरं बाहेर काढून गोठ्यात भरली. आमच्या यांनी अडत्याला पडवी देऊन टाकली. विचारलं कोणाला? कोणालाच नाही. एका सकाळी मी चुलीपाशी होते आणि बाहेर धपाधप गठ्ठे पडायला लागले.

पडवी गेली तशी सीतेची वेणी आतल्या अंगाला आली. मागच्या दाराशी नहाणी होती, तिच्या भिंतीला एक खुंटी होती, तिथे ती टांगली. ऊन नाही, वारा नाही, आणि कोणी आंघोळ केली की पाण्याचे शिंतोडे. वर आत्याबाईंची रोजची सेवा होतीच. तुळशीला घालावं तसा एक तांब्या त्या झाडाच्या शेंड्यावर ओतायच्या. पडवीत वाऱ्याने ते घटकाभरात सुकायचं. नहाणीपाशी पानांच्या बेचक्यांत ते दुसऱ्या दिवसापर्यंत साचून राहायचं, तेही पौषातल्या थंडीत. हे सगळं मी आत्ता असं सरळ ओळीने सांगते आहे, पण तेव्हा मला त्यातलं काहीच जोडता येत नव्हतं.

चार पानांवर डाग गेले तेव्हा लपवणं शक्य राहिलं नाही. आत्याबाईंनी तांब्या खाली ठेवला, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि हात जोडले.

"माय आली," त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका शांत होता की मला त्याचीच भीती वाटली. मग त्यांनी घर हातात घेतलं. देवी आलेल्या घराची रीत सगळ्यांना ठाऊक असते. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. फोडणी बंद, तळण बंद, केस विंचरणं बंद. सुई चालवायची नाही, विळीवर बसायचं नाही, कोणत्याही जित्या वस्तूला पातं लावायचं नाही. घरात पाहुणी बसली आहे, तिच्या समोर टोचणं-कापणं चालत नाही. झाडावर रोज सकाळी कडुलिंबाचं पाणी शिंपडायचं, म्हणजे तिचा दाह शांत होतो.

यात माझं मरण कुठे होतं ते सांगते. त्याच आठवड्यात गावात देवी टोचणारा आला होता. सरकारी माणूस, चावडीवर बसायचा. एका लेकराच्या दंडावर फोड आला की त्यातला रस काढून दुसऱ्याच्या दंडावर ओरखडा काढून भरायचा. अशी लस लेकराकडून लेकराकडे चालत ठेवत तो गावोगाव फिरायचा. माझं माहेर अकोल्याचं. तिकडे माझ्या भावाच्या मुलांना आदल्या वर्षी टोचलं होतं. त्यांच्या गल्लीत देवी आल्या, शेजारची पोरं गेली, ती मुलं धडधाकट राहिली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. माझी मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. तिला टोचायचं, हे मी आणि यांनी ठरवून ठेवलं होतं.

आणि मुलीच्या आधी मला एक मुलगा झाला होता. तो दोन वर्षांचा होऊन देवीत गेला. हेच डहाळे, हेच पाणी, हीच शांतता मी त्याच्या उशाशी बसून पाहिली होती. ज्या घरात माय आली आहे त्या घरातल्या लेकराला टोचायचं म्हणजे मायच्या तोंडावर थुंकायचं. आत्याबाईंना ते मला सांगावंही लागलं नाही.

मी यांना गाठलं. हे कापसाने पांढरे होऊन घरी यायचे, भुवयांतसुद्धा रुई.

"टोचणारा बाजार होईपर्यंतच हाय म्हणते. मग अकोल्याले चालला. तुमी बोला ना आत्याबाईले."

"मी काय बोलू?" हे म्हणाले. "तिनं इतक्यांच्या देवी पाह्यल्या, आपन काय पाह्यलं? झाडावरचं उतरू दे, मग पाहू."

"तवर तो निघून गेला त?"

"त पुढच्या साली येईन."

पुढच्या साली. जणू चैत्रातल्या देवी आमची सोय बघून थांबणार होत्या. मी स्वभावाने तापट, माहेरी मला मिरचीच म्हणत. पण घरात फोडणी बंद होती आणि माझंही तोंड बंद होतं. मी ताट त्यांच्यापुढे जरा जोरात ठेवलं, एवढंच.

मग मी त्या झाडाकडे बघायला लागले. भक्तीने नव्हे, रागाने. माणूस वैऱ्याला न्याहाळतो तसं मी ते न्याहाळलं. आत्याबाई देवघरात असल्या की मी नहाणीपाशी जाऊन बसायची. उन्हाने पान करपतं हे मला माहीत होतं. पण ते करपणं कोरडं असतं, पांढरट असतं आणि उन्हाकडच्याच अंगाला असतं. इथे उन्हाचा कवडसासुद्धा पोचत नव्हता. कीड म्हणावी तर पानाखाली मी रुईचा बोळा फिरवून पाहिला, त्याला काही लागलं नाही, ना जाळं ना चिकटा. जुनं पान पिकतं तसं म्हणावं, तर डाग कोवळ्या पानावरही होते. डागाला पिवळं कडं होतं आणि मधला भाग तपकिरी होऊन खाली बसत चालला होता. नखाने दाबलं की मऊ लागायचा, आणि त्याला शिळ्या पाण्याचा वास यायचा.

आणि एका सकाळी मला माझ्या मुलाचं तोंड आठवलं. ते मी सहसा आठवू देत नसे. त्या दिवशी आठवू दिलं. त्याच्या अंगावरचे फोड सगळे एका वयाचे होते. एकदम उठले, एकदम भरले, एकदम सुकायला लागले, कपाळावरचा आणि पायावरचा यांच्यात काही फरक नव्हता. या झाडावरचे डाग तसे नव्हते. कोणी कालचा, कोणी आठवड्यापूर्वीचा, कोणी म्हातारा होऊन मधोमध फाटलेला. जिथे पाणी थेंब होऊन अडकतं, त्या टोकाशी आणि त्या बेचक्यात ते आधी उमटले होते आणि तिथूनच पुढे सरकत होते. देवी अशी पाण्याच्या वाटेने चालत नाही. मी तिला चालताना पाहिलं आहे. हे दुसरं काहीतरी होतं आणि ते ओलीवर पोसत होतं.

मी उठून उभी राहिले. आता मला माहीत होतं, आणि माहीत असूनही काही करता येत नव्हतं. रोज सकाळी आत्याबाई त्याच रोगाला भक्तिभावाने पाणी पाजत होत्या, आणि जोवर डाग वाढत होते तोवर माझ्या पोरीचा दंड तसाच राहणार होता.

मग मी एक उद्योग केला. आत्याबाईंचं शिंपडणं झालं आणि त्या पूजेला बसल्या की मी पडवीतल्या गठ्ठ्यातून रुई उपटायची आणि झाडाच्या फक्त डाव्या अंगाची पानं कोरडी करायची. बेचक्यात काडीला बोळा लावून तिथलंही पाणी टिपायची. उजवीकडे हात लावायची नाही. मनात म्हटलं, जे व्हायचं ते समोर होऊ दे, म्हणजे बोलायला तोंड राहील.

थोड्याच दिवसांत झाडाच्या दोन बाजू दोन घरच्या वाटायला लागल्या. डावीकडचे डाग जिथल्या तिथे थांबले, कडा कडक आणि कोरड्या झाल्या. उजवीकडचं खालचं पान मऊ पडून गळालं आणि वरच्या पानावरचा डाग खोडाच्या गाभ्याकडे उतरायला लागला. या झाडाला एकच शेंडा असतो. गाभा सडला की सगळं संपलं.

इकडे बाजारात गाडीतळावर एका गाडीवानाला देवी आल्याची बातमी आली. त्याला बैलांसकट गावाबाहेर हलवलं म्हणे. त्याच्या गाडीतला कापूस कोणाच्या पडवीत गेला, हे मात्र कोणाला सांगता येईना. मी आमच्या पडवीतल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. त्या दिवशी बोळा उपटताना पहिल्यांदा माझा हात थबकला. तरी मी उपटलाच.

आत्याबाईंना बदल दिसलाच. डोळे त्यांचे तीक्ष्ण होते.

"डाव्या अंगानं उतरून रायली माय," त्या समाधानाने म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "उतरून नाई रायली, आत्याबाई. तिकडचं पानी मी रोज पुसून काढते. म्हणून थांबलं. हे देवीचं नाई, ओलीचं हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू तिच्या आंगाले हात लावला?"

"झाडाले लावला."

त्या उठून देवघरात गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. यांनी मला मागच्या अंगणात बोलावून विचारलं, "काहून आगीत तेल टाकून रायली तू?" मी म्हटलं, आग कुठे आहे, सगळं ओलं तर आहे. यांना ते कळलं नाही. सासू उपाशी, नवरा नाराज, आणि बाजार झाल्यावर टोचणारा अकोल्याला निघून गेल्याचं शेजारणीकडून कळलं. मी चुलीपुढे बसून रडले. धुराचं निमित्त होतंच.

त्यानंतरची दुपार मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. मुलगी पाळण्यातून उठवली, झबलं वर केलं आणि तिच्या मानेखाली मला लाल ठिपके दिसले.

मी हाकही मारली नाही. पण आत्याबाई दारातच उभ्या होत्या आणि त्यांनीही पाहिलं. त्या खाली बसल्या. मी बसले. मुलगी दोघींच्या मध्ये पडून आपल्या पायाचा अंगठा तोंडात घालत होती. आम्ही तिच्या कपाळाला हात लावायचो. एकदा मी, एकदा त्या. कोमट आहे की गरम, हे दोघींनाही ठरवता येईना. आत्याबाईंचा हात इतका गार होता की त्यांना प्रत्येक कपाळ तापलेलंच लागलं असतं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तरी आम्ही जागच्या हललो नाही. बाहेर गाड्यांचा करकराट चालू होता आणि मला वाटत होतं, या सगळ्या गाड्या माझ्या छातीवरून चालल्या आहेत.

"माहेबी गेले वं," त्या एकदम म्हणाल्या. "तुह्या नवऱ्याच्या आधीचे दोन. पोरगी त बोलत होती. मले म्हणे, माय, खाजवू दे."

त्यांची मुलं गेली होती हे मला ठाऊक होतं. एक मुलगी होती, ती बोलत होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दोघांची सेवा केली, माझ्या मुलाचीही केली, आणि स्वतःला मात्र कधी देवी आल्या नाहीत. त्यांच्या अंगावर एकही वण नव्हता. बायका त्याला मायची कृपा म्हणत. त्या दुपारी त्यांच्या तोंडाकडे पाहताना मला वाटलं, या बाईला ती कृपा आयुष्यभर टोचत आली आहे.

ऊन उतरता उतरता त्यांनी ठिपक्यावर बोट दाबलं. ठिपका पांढरा पडला आणि पुन्हा लाल झाला. त्यात कण नव्हता, पाणी नव्हतं. मग त्यांनी पाळण्यातली गोधडी उलटी केली, उजेडात नेली आणि शिवणीतून एक ढेकूण काढून माझ्यापुढे धरला. पडवीतल्या गठ्ठ्यांबरोबर आलेला. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात हुंदका आला. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या ढेकणाकडे खूप वेळ बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी नहाणीपाशी गेले ती ठरवूनच गेले. सुरी चुलीत धरून तापवली होती आणि मुठीत हळद होती. कोणाला विचारायचं नव्हतं. उजवीकडचा डाग गाभ्यापासून बोटभरावर आला होता, आज नाही कापला तर उद्या कापायला काही उरणार नव्हतं.

आत्याबाई माझ्या आधीच तिथे होत्या. आंघोळ झालेली, नेसूचं स्वच्छ लुगडं, आणि पुढ्यात सूप. सुपात दहीभात, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या आणि लिंबाचा डहाळा. ती तयारी मी ओळखली. देवी येऊन गेली की तिची पाठवणी करतात, सूप डोक्यावर घेऊन गावाच्या शिवेपर्यंत तिला पोचवून येतात. पण पाठवणी होते ती पाहुणी आपल्या मनाने उठल्यावर. बसलेल्या पाहुणीला कोणी उठवत नाही.

"आण सुरी," त्या म्हणाल्या.

"मी कापते, आत्याबाई. मले मालूम हाय कुठून कापाचं."

"तू दाखव. कापीन मी."

"पण तुमाले त वाटते की माय हायच यावर."

"हाय. मले तशीच दिसते ती." त्यांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. "पाव्हणी आली त तिले पाठवाचीबी रीत हाय. वेळ झाली नाई तिची, मी घाई करून रायली. काल ते ठिपके पाह्यले तवा मायचं नाव घ्याच्या आंदी माह्या मनात त्या टोचणाऱ्याचं नाव आलं. जो गुना व्हाचा तो झालाच. आता कोप झाला त माह्यावर होऊ दे. तुले लेकरू पाजाचं हाय."

सुरी मी त्यांच्या हातात दिली. 

मी दाखवत गेले. डागाच्या कडेवर नाही, कडेच्या पुढे दोन बोटं, जिथे पान हिरवं आणि कडक आहे तिथे. दर कापाला सुरी पुन्हा विस्तवात धरायची, नाहीतर एका पानाची ओल दुसऱ्याला लागते. त्या दर वेळी कपाळाला हात लावून मगच कापत. उजवीकडचं ते शेवटचं पान बुडापासून काढावं लागलं. पातं गाभ्याला घासून गेलं तेव्हा दोघींनीही वाकून पाहिलं. आत पांढरं आणि घट्ट निघालं. तपकिरी रेघसुद्धा नव्हती. मी कापलेल्या जागांवर हळद दाबली. झाडाला डावीकडची थोडी पानं तेवढी राहिली. त्यांच्यावरचे कोरडे डाग मी तसेच ठेवले, कारण तिथे रोग मेलेला होता आणि झाडाला पोटाला काहीतरी हवं होतं.

कापलेली पानं मला चुलीत घालायची होती. आत्याबाईंनी ती सुपात ठेवली, त्यांना कुंकू लावलं आणि सूप डोक्यावर घेऊन निघाल्या. मी मागून चालले. कापसाच्या गाड्या थांबल्या, गाडीवान खाली उतरून बाजूला झाले. शिवेवरच्या बाभळीखाली त्यांनी सूप ठेवलं. काय पुटपुटल्या ते मला ऐकू आलं नाही. मागे वळून बघायचं नसतं, म्हणून आम्ही बघितलं नाही.

घरी येऊन त्यांनी यांना सांगितलं, "पडवी खाली कर." अडत्या रागावेल, असं हे म्हणाले. "त्याले म्हण, माह्याशी येऊन बोल," आत्याबाई म्हणाल्या आणि फोडणीला तेल ठेवायला आत गेल्या. दिवस मावळायच्या आत सीतेची वेणी आपल्या जुन्या जागी वाऱ्यावर टांगलेली होती. पाणी देऊ नका, असं मला सांगावं लागलं नाही.

टोचणाऱ्यामागे अकोल्याला मुलीला घेऊन मी एकटीच जाईन असं मला वाटलं होतं. आत्याबाई आपलं गाठोडं घेऊन गाडीत आधीच बसल्या होत्या. सगळ्या वाटेने मागे-पुढे कापसाच्या गाड्या, त्यांवर अनोळखी माणसं, आणि प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे आम्ही दोघी चोरून बघत होतो. मुक्कामाला विहिरीपाशी न उतरता आम्ही दूर झाडाखाली उतरलो. मुलगी रडली तरी तिच्या तोंडावरचा पदर त्यांनी काढू दिला नाही.

अकोल्याच्या चावडीत मुलगी आत्याबाईंच्याच मांडीवर होती. टोचणाऱ्याने दुसऱ्या एका लेकराच्या दंडावरचा फोड उघडला. ते लेकरू कोणाचं, कोणत्या घरचं, हे विचारण्याची तेव्हा रीत होती आणि त्यावरून माणसं उठून जायची. आत्याबाईंनी विचारलं नाही. ओरखडा निघाला, पोरीने टाहो फोडला, आणि त्यांनी तिचा हात असा धरून ठेवला की मलाच दुखल्यासारखं झालं.

सगळं झाल्यावर त्यांनी त्या माणसाला एकच गोष्ट विचारली. "ही जागा ओली ठेवाची का कोरडी?"

"कोरडी," तो म्हणाला. "पाणी लागू देऊ नका, बाई. चिघळते."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जिंकले होते, पण मला कुठे तोंड लपवावं असं झालं होतं. त्यांनी कनवटीतून रुईचा एक स्वच्छ बोळा काढला, घरून आणलेला, आणि दंडाशेजारचा घाम टिपायला लागल्या.

मी टोचणाऱ्याला म्हटलं, यांनाही टोचा, यांना देवी कधी आल्या नाहीत. मोठ्या माणसांनाही टोचतात, असं तो म्हणाला. आत्याबाईंनी लुगड्याचा पदर दंडावर ओढून घेतला.

"नाई. मी तिले घरातून उठवलं. कोप माह्यावर घेतला म्हणून सांगतलं तिले, शिवेवर. आता सुटका करून घेऊ? मग ते बोलनं खोटं नाई का होत?"

मी भांडले. चावडीत चार माणसांसमोर सासूशी भांडले, रडले, पाय धरले. त्या हलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला, आणि तितकंच प्रेमही दाटून आलं.

मुलीचा फोड आला, भरला, सुकला, खपली पडली. चैत्र लागला आणि गावात देवी आल्या. आमच्या गल्लीत तीन दारांना कडुलिंब लागला. मुलगी अंगणात रांगत होती, माती खात होती, हसत होती. सीतेच्या वेणीला कापलेल्या जागेच्या वर एक हिरवं टोक असलेलं नवं मूळ फुटलं. ते मी आत्याबाईंना दाखवलं, त्यांनी नमस्कार केला.

पण रोज सकाळी आंघोळ झाली की आत्याबाई पडवीच्या कडेला येऊन उभ्या राहायच्या आणि दोन्ही हात उन्हात धरायच्या. आधी तळवे, मग उलटे. मनगटं वळवून बघायच्या. मला आधी वाटलं, ऊब घेतात. मग एका सकाळी कळलं की त्या डाग शोधत आहेत.

 त्यांचे हात आंघोळीने अजून ओले होते. मी आतून रुई आणली, त्यांच्याजवळ उभी राहिले आणि एकेक बोट करून ते हात कोरडे केले. त्यांनी करू दिले. चैत्र सरेपर्यंत ते माझं रोजचं काम होतं.